एकसष्टांचें कोडें

एकशें शहात्तर कोटि त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, म्हणजे १७६६३१९०४९, ही संख्या इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांच्या बीजगणितांत एका प्रश्नाचें उत्तर म्हणून आली. प्रश्न दिसण्यांत अगदीं लहान: ज्या वर्गास ६१ नीं गुणून एक मिळविला असतां पुन्हां वर्गच होतो, असा वर्ग कोणता? वाचकांपैकीं कोणी उत्साही असतील त्यांनीं प्रथम शेजारच्या संख्या घेऊन पाहाव्या. ६० ला ४ चा वर्ग पुरतो, कारण ९६० त एक मिळविला कीं ३१ चा वर्ग होतो. ६२ ला ८ चा वर्ग पुरतो. तेव्हां ६१ चेंही काम पांचदहा गुणाकारांत उरकेल असें वाटून जो पाटी घेऊन बसेल, तो जन्मभर बसेल! येथें लहानांत लहान मूळ २२६१५३९८० आहे, आणि त्यापासून होणाऱ्या नव्या वर्गाचें मूळ ही आमची संख्या. शंभराच्या आंतील दुसरी कोणतीही संख्या एवढें मोठें उत्तर मागत नाहीं.

आचार्यांनीं तें चांचपडून काढलें नाहीं. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. म्हणून कनिष्ठ मूळ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ असा आरंभ. चक्रवालाचा एकच फेरा दिला कीं मूळें ५ व ३९ होतात आणि क्षेप उणे ४ राहतो. पुढें ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरें जुळवून तिसरें काढण्याची ६२८ सालची युक्ति, उपयोगी पडते. तिनें ३८०५ व २९७१८ हीं मूळें येतात व क्षेप उणे १ होतो. हींच स्वतःशीं जुळविलीं कीं काम झालें. म्हणूनच आमच्या संख्येंतून एक वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते, आणि एक मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. ती अविभाज्य मात्र नाहीं. १५२३ नीं तिला निःशेष भाग जातो. तिला २२६१५३९८० नीं भागलें तर ६१ चें वर्गमूळ दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत बिनचूक मिळतें.

पुढें १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें इंग्लंडांतील गणित्यांस याच जातीचें आव्हान दिलें, आणि फ्रेनिक्ल यास लिहितांना उदाहरणादाखल नेमका ६१ हाच आंकडा घेतला! आव्हानास उत्तर ब्राउंकरनें दिलें. ऑयलरच्या चुकीमुळें नांव मात्र पेलचें चिकटलें. कोलब्रूकचें बीजगणिताचें इंग्रजी भाषांतर निघालें तें १८१७ साली.

या प्रकरणीं आमचे लोक कधीं कधीं फुशारकी मारतात, ती आम्हांस मान्य नाहीं. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधींचें आहे. १०७३ साली उदयदिवाकरानें आपल्या टीकेंत जयदेवाच्या नांवावर तें दिलें आहे. शिवाय हें चक्र नेहमीं उत्तरापाशीं पोंचेलच याची सिद्धता आचार्यांनीं दिलेली नाहीं. असें उत्तर सदैव असतेंच, हें अठराव्या शतकांत लाग्रांजनें सिद्ध केलें. आचार्यांचें श्रेय निराळें, आणि आमच्या मतें तें थोडें नाहीं: कठिणांत कठिण उदाहरण निवडून त्यांनीं तें विद्यार्थ्यांपुढें सोडवून दाखविलें. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं नातू चांगदेव यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला होता; तेथील शिलालेख भाऊ दाजींनीं १८६५ साली प्रसिद्ध केला.