व्लादिमीर की वोलोदिमिर?

मी कोड लिहिला तर ही दोन नावं वेगळीच ठरतील. अक्षरं जुळत नाहीत. पण पुतिन व्लादिमीर आणि झेलेन्स्की वोलोदिमिर, नाव एकच. साधारण ९८८ साली ख्रिस्ती झालेल्या कीवच्या राजाचं.

‘व्लाद’ हे चर्चच्या ग्रंथभाषेतलं रूप, ‘वोलोद’ पूर्व स्लाव लोकांच्या बोलीतलं. म्हणजे युक्रेनी रूपच तिथल्या मातीतलं. गंमत म्हणजे रशियन आईसुद्धा लाडाने ‘वोलोद्या’च म्हणते!

कीवमध्ये या राजाचा पुतळा १८५३ पासून आहे. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर पुतिन सांगू लागले, राजाचा बाप्तिस्मा तिथलाच. २०१६ मध्ये क्रेमलिनशेजारी त्याचा पुतळा उभा राहिला. अनावरण पुतिन यांनीच केलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन रणगाडे निघाले, ते त्याच राजाच्या राजधानीकडे.