मूळव्याध आणि लाज : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून एक इतिहास

आजचा आपला विषय आहे मूळव्याध. विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले असतील, काहींनी मोबाइलचा आवाज कमी केला असेल. दोन्ही प्रतिक्रिया आपल्या विषयाला धरूनच आहेत. कारण या दुखण्याचा इतिहास चाळायला घेतला की औषधं आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट पानोपानी भेटते, ती म्हणजे लाज. आज आपण तिचा माग काढू. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवू.

जुन्नर शहराभोवती शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. नाणेघाटातून कोकणात उतरणारी व्यापारी वाट, सातवाहनांचं राज्य, दान देणारे व्यापारी, कारागिरांच्या श्रेणी, यवन दाते, हे सगळं तिथल्या शिलालेखांतून कळतं. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी म्हणजे पाण्याचं टाकं दिलं, ते दगडावर कोरून ठेवलंय. पण शिलालेख दानाबद्दल बोलतात, दुखण्याबद्दल बोलत नाहीत. त्या काळी आजारी भिक्षूचं काय होत असे हे समजून घ्यायचं तर बौद्धांच्या विनयग्रंथांकडे जावं लागतं. भिक्षूंनी कसं राहावं, काय खावं, आजारी पडल्यावर काय घ्यावं याचे नियम त्यांत आहेत. पाली विनयातल्या महावग्गात औषधांवर एक अख्खं प्रकरण आहे.

याच महावग्गात, चीवरांच्या प्रकरणात, मगधाच्या बिंबिसार राजाची गोष्ट येते. राजाला भगंदर झालं होतं. भगंदर वेगळं आणि मूळव्याध वेगळी, हे खरं. भगंदरात गुदाजवळ नळीसारखी जखम होऊन ती वाहत राहते, तर मूळव्याधीत तिथल्या फुगलेल्या शिरांचे मोड येतात. पण जागा तीच, रक्त तेच आणि सोसणाऱ्याची अवस्थाही तीच. राजाची वस्त्रं रक्ताने भरायला लागली. राण्यांनी ती पाहिली आणि थट्टा सुरू केली, की महाराजांना पाळी आली, आता लवकरच बाळंत होणार! राजा खजील झाला. शेवटी त्याने ही गोष्ट आपल्या मुलाला, अभय राजकुमाराला सांगितली. अभयने तरुण वैद्य जीवकाला पाठवलं. जीवक नखात थोडंसं औषध घेऊन गेला आणि एकाच लेपाने राजा बरा झाला, असं ग्रंथ सांगतो.

एका लेपात भगंदर बरं होतं का, हा वाद आपण बाजूला ठेवू. गोष्टीचा क्रम पाहा. आधी दुखणं, मग हसणं, मग लाज, आणि सुटका कधी? राजाने एका माणसापाशी तोंड उघडलं तेव्हा. मगधाच्या राजालासुद्धा वैद्यापर्यंत पोचायला मुलाची मध्यस्थी लागली.

दुसरी गोष्ट औषधांच्या प्रकरणातली. राजगृहात आकाशगोत्त नावाचा शल्यवैद्य एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्र चालवत होता. बुद्ध विहार पाहत तिकडे आले, तेव्हा त्याने हसत हसत त्यांना बोलावलं आणि जखम दाखवून म्हणाला, पाहा, घोरपडीच्या तोंडासारखी दिसतेय! बुद्ध काही न बोलता परत फिरले. त्यांनी भिक्षुसंघ बोलावला, चौकशी केली आणि त्या नाजूक भागात, दोन बोटांच्या अंतरात, शस्त्र चालवायला बंदी घातली. कारणंही दिली. तिथली कातडी नाजूक असते, जखम लवकर भरत नाही, शस्त्र नीट धरता येत नाही. तिन्ही कारणं व्यवहाराची आहेत. रोग्याने काही पाप केलं असेल, असा शब्द त्यात नाही. पण आम्हांला यात आणखी एक गोष्ट दिसते. रुग्ण समोर पडलेला असताना त्याच्या जखमेवर विनोद करणारा वैद्य त्या काळीही होता.

याच प्रकरणात भिक्षूंना औषध म्हणून घेता येतील अशी फळं सांगितली आहेत. त्यांत पिंपळी, मिरी, बेहडा, आवळा आहेत आणि हिरडाही आहे. इथे आपण पुन्हा आपल्या डोंगरात येतो. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा, घाटघर, हातवीज, आहुपे, भीमाशंकरच्या बाजूची गावं, हा हिरड्याचा मुलूख. इथली महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी फळं काढतात आणि वाळवतात. तो बाळहिरडा. वर्षाचं मीठमिरची, मुलांच्या वह्यापुस्तकं यांचा खर्च बराचसा त्यावर निघतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा इथली हिरड्याची झाडं मोडली आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलन करावं लागलं.

हाच हिरडा आयुर्वेदात मूळव्याधीवरचं जुनं औषध आहे. चरकसंहितेत अर्शाच्या म्हणजे मूळव्याधीच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात हिरडा गुळाबरोबर सांगितलाय आणि ताकाची तर भरभरून स्तुती केली आहे. सुरणाला अमरकोशात नावच ‘अर्शोघ्न’ असं आहे, अर्श घालवणारा. सुश्रुताने आठ महारोगांत अर्श धरला आणि त्यावर चार उपाय सांगितले : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. आतलं पाहण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचं यंत्र सांगितलं. म्हणजे त्या काळच्या वैद्याला तिथे पाहण्याची लाज नव्हती. लाज होती ती रोग्याला आणि रोग्याच्या घराला.

युरोपातही निराळं नव्हतं. शिवाजी महाराजांचा समकालीन असलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भगंदर झालं. 18 नोव्हेंबर 1686 रोजी फेलिक्स नावाच्या शल्यवैद्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याआधी ती कमालीची गुप्त ठेवली होती. राजा बरा झाला आणि बातमी फुटली, तशी दरबारात या दुखण्याला एकदम प्रतिष्ठा आली. काही दरबारी आपल्यालाही तीच शस्त्रक्रिया करा म्हणून मागे लागले! लाज ही दुखण्यात नसते, ती आजूबाजूच्या नजरेत असते, याचा यापेक्षा मजेशीर पुरावा मिळायचा नाही. पुढे 1835 मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन यांनी खास याच रोगांच्या गरीब रुग्णांसाठी दवाखाना काढला. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावर 1841 मध्ये याच सॅमननी भगंदराची शस्त्रक्रिया केली. तेव्हा भूल नव्हती.

आता आजचं पाहू. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध मुळासकट, ऑपरेशनशिवाय’ असे फलक आपण सगळ्यांनी वाचलेत. हा धंदा लाजेवर चालतो. कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून कुणी कुणाला सावधही करत नाही. ज्या डोंगरातून हिरडा बाहेर जाऊन चूर्णाच्या डब्यात बंद होतो, त्याच डोंगरातला माणूस रक्त पडलं तर महिनोन्‌महिने गप्प राहतो. बाईचं तर आणखी अवघड. शौचालय नसताना परसाकडे जायचं ते अंधार पडल्यावर किंवा उजाडायच्या आत. दिवसभर अडवून धरायचं, पाणी कमी प्यायचं. मग मलावरोध, मग कुंथणं, मग मोड. बाळंतपणात हे आणखी वाढतं. आणि रक्त दिसलं तर पाळीचं असेल म्हणून सोडून द्यायचं. बिंबिसाराला लाज वाटली कारण त्याचं रक्त बाईच्या रक्तासारखं दिसलं. इथे बाईचं दुखणं त्याच समजुतीखाली झाकून जातं. एक दिवस शेतात घेरी येते, तेव्हा कळतं की अंगात रक्तच उरलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला, वाचणारी-शिकलेली माणसं. रक्ताचे दोन थेंब दिसले की रात्रभर झोप नाही, कॅन्सरच असणार. संयुत्तनिकायात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराचं दुःख हा पहिला बाण. त्यावर शोक करत, घाबरत आपण स्वतःला मारून घेतो तो दुसरा. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही हा दृष्टांत नेहमी घेत असू. पण त्याचा अर्थ ‘सोसा आणि गप्प बसा’ असा कुणी लावू नये. पहिला बाण काढायलाच हवा. दुसरा कमी होतो तो खरी माहिती मिळाल्याने आणि कुणाशी तरी बोलल्याने.

खरी माहिती काय? 1975 मध्ये थॉमसन या इंग्रज शल्यवैद्याने दाखवलं, की गुदमार्गाच्या आत मऊ गाद्यांसारखा भाग प्रत्येकालाच जन्मतः असतो. त्या गाद्या खाली सरकतात, सुजतात, तेव्हा आपण मूळव्याध म्हणतो. म्हणजे हा बाहेरून आलेला शत्रू नाही, आपल्याच शरीराचा जागा सोडलेला भाग आहे. पुष्कळदा भाजीपाला, भाकरी, भरपूर पाणी, कुंथायचं नाही, मोबाइल घेऊन संडासात बसायचं नाही, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, एवढ्याने आराम पडतो. नाही पडला तर शस्त्रक्रियेआधीचेही सोपे उपाय आहेत. पण रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच, असं मनाने ठरवू नका. रक्त काळपट असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, दम लागत असेल, चाळिशी उलटून पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, तर चूर्णावर दिवस काढू नका. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, जुन्नर-घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. तपासणी काही मिनिटांची असते.

आणि घरातलं कुणी बसताना अवघडून बसतंय, जेवण टाळतंय असं दिसलं, तर राण्यांसारखं हसू नका. अभय राजकुमारासारखं विचारा आणि बरोबर जा. एवढंच आज सांगायचं होतं.