सोसणे आणि मोजणे

पनवेल हे वैद्यांचे जुने गाव. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला आणि पनवेलची आसवे-अरिष्टे देशभर गेली. हे वैद्य ज्या चरकसंहितेला प्रमाण मानीत, तीत स्त्रियांच्या वीस व्याधी सांगितल्या आहेत. त्यांतली एक ‘उदावर्तिनी’. तिच्यात पाळीच्या वेळी असह्य कळा येतात आणि स्राव सुटला की बाईला हायसे वाटते. म्हणजे हे दुखणे काही आजचे नव्हे. पोथीत त्याला नाव होते. घरात मात्र नव्हते. घरात बाईला कावळा शिवे आणि ती कोपऱ्यात बसे. ती नुसतीच बसली आहे की पोट आवळून बसली आहे, हे विचारणार कोण? “बाईच्या जातीला सोसावेच लागते,” हा एकच काढा सर्वांना मिळे.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कडू लागेल. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याची कडू चव आपण जिभेला लावतोच, मग फराळ. तसेच हे समजावे.

मी मॅट्रिक झालेली शिक्षिका. कादंबऱ्या लिहिते, एवढाच काय तो शब्दांशी संबंध. वैद्यकात मला गती नाही. पण शाळेत मुलींच्या आया भेटतात, आणि अलीकडे एक प्रश्न दबक्या आवाजात कानी येतो : “बाई, डॉक्टरांनी एंडोमेट्रिऑसिस सांगितलंय. आता पुढे छातीचा कॅन्सर होणार का हो?” ही भीती कोठून आली, हे पाहण्यासाठी मी थोडा मागचा शोध घेतला.

एंडोमेट्रिऑसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा ओटीपोटात रुजणे. महिन्याच्या महिन्याला तेही सुजते, स्रवते. पण त्या रक्ताला बाहेर वाट नसते. अमेरिकेतील ऑल्बनी गावच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात या रोगाचा कसून अभ्यास केला. पाळीचे काही रक्त नळ्यांतून उलटे पोटात जात असावे, असे कारण त्यांनी १९२७ साली मांडले. त्याआधी १९२५ सालीच, अशा अस्तरातून बीजकोशाचा कॅन्सर उद्भवू शकतो, हेही त्यांनी दाखवले होते. कॅन्सरची शंका निघाली ती अशी.

स्तनाकडे जाणारी वाट निराळी होती. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७१३ साली नोंदले, की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर फार होतो. पुढे ग्लासगोचे डॉ. जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आले, की काही देशांत व्यालेल्या गायीचे बीजकोश काढतात, म्हणजे ती आटत नाही. बीजकोशाचा आणि सडांचा एवढा संबंध असेल तर? त्यांनी स्तनाच्या कॅन्सरने ग्रासलेल्या स्त्रीचे बीजकोश काढले, आणि गाठ विरत गेली. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांना बीजकोशातला तो रस शुद्ध रूपात मिळाला. तो ईस्ट्रोजेन कुळातला होता. एंडोमेट्रिऑसिसचे अस्तरही त्यावरच पोसते आणि स्तनाच्या पुष्कळशा गाठीही. मग दोन्ही व्याधी बहिणी तर नव्हेत?

अशा शंकेचे उत्तर तर्काने मिळत नाही; मोजावे लागते. मोजण्याची ही शिस्त आपल्याकडे रुजवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले, आणि तेथील प्रयोगशाळेत खानोलकरांनी रोग्यांच्या नोंदी जातीपाती, आहार, सवयी यांसह तपासल्या. एकाच शहरात एका समाजाच्या स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर अधिक, तर दुसऱ्या समाजात गर्भाशयाच्या मुखाचा, असे दिसून आले. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने जे संशोधन केंद्र निघाले, तेच २००२ पासून आमच्या पनवेल तालुक्यात, खारघरला नांदते आहे.

आता उत्तर. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून २०२१ साली हिशेब मांडला गेला. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांत बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट भरला. पण तो मुळातच थोड्या जणींना होतो, म्हणून दुप्पट झाला तरी लहानच. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला तो अवघा ४ टक्क्यांनी. शंकेपोटी झोप उडावी एवढा तो खासच नव्हे.

२०२१ सालीच आणखी एक हिशेब पुरा झाला, आणि तो मुंबईचा. १९९८ पासून झोपडवस्तीतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग चालला होता. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तन तपासत. या सेविका काही डॉक्टर नव्हत्या; दहावीपर्यंत शिकून थोडे शिक्षण घेतलेल्या साध्या बायका. सर्व वयांचा हिशेब धरता निर्णायक फरक दिसला नाही; पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. माझ्यासारख्या मॅट्रिक बाईला हे वाचून केवढी उमेद आली!

या इतिहासातून मला उमगले ते एवढेच. ज्या मुलीला दर महिन्याला शाळा बुडवावी लागते, तिच्या कळांची दखल घ्यायला कॅन्सरची भीती कशाला हवी? कळा हेच कारण पुरेसे आहे. तिला डॉक्टरकडे न्यावे. आणि छातीत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर आजार पूर्वी कोणता होता हे न पाहता लगेच दाखवावे. या दोन्ही व्याधींना जोडणारा धागा ईस्ट्रोजेनचा आहेच; पण आमच्या घरांत त्याहून चिवट धागा आहे तो न बोलण्याचा. तो तोडायला मॅट्रिकचेही शिक्षण लागत नाही.