खोड्यातल्या सरदारणी

मे १७९६. लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड केनियन यांनी भर न्यायालयात बजावलं, की जुगाराचा गुन्हा शाबीत झाला तर बाई कितीही मोठ्या घराण्यातली असो, तिला चव्हाट्यावर खोड्यात उभं करू. रोख उघड होता. सरदार घराण्यांतल्या काही बायका स्वतःच्या दिवाणखान्यात फॅरो या पत्त्यांच्या जुगाराचे अड्डे चालवत.

१२ मे रोजी व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं चित्र बाजारात आलं. त्या बायकांपैकीच दोघी, ठेंगण्या, स्थूल लेडी बकिंगहॅमशर आणि बाकदार नाकाच्या लेडी आर्चर शेजारी-शेजारी उभ्या आहेत. माना आणि हात लाकडी फळीत अडकलेले, केसांत पिसांचे तुरे तसेच. खाली गर्दी खिदळते आहे, अंडी फेकते आहे. जुगारावरचा हा केनियनचा उतारा, असं फलकावर लिहिलंय. तारीख ९ मे. म्हणजे धमकीपासून तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून छापेपर्यंत जेमतेम तीन दिवस! चित्र विकणारी हॅना हम्फ्री ही बाईच होती, आणि गिलरे तिच्याच घरी राहायचा.

या चित्राचं मूळ मात्र हसण्यासारखं नाही. खोडा आणि गाडीमागे बांधून फटके मारत काढलेली धिंड या खऱ्या शिक्षा होत्या, आणि त्या सहसा गरिबांच्या वाट्याला येत. कुंटणखाना चालवणाऱ्या एलिझाबेथ नीडहॅमला १७३१ मध्ये लंडनमध्ये खोड्याची शिक्षा झाली. जमावाने तिच्यावर इतका मारा केला की काही दिवसांतच ती मेली. पुढच्याच वर्षी विल्यम होगार्थने आपल्या गाजलेल्या चित्रमालेच्या पहिल्याच चित्रात तिला दाखवलं, खेड्यातून आलेल्या पोरीला गोड बोलून जाळ्यात ओढताना. गिलरेचा प्रेक्षक खोड्यातल्या सरदारणी पाहून हसला, तो ही शिक्षा डोळ्यांनी पाहिलेला प्रेक्षक होता.

मार्च १७९७ मध्ये लेडी बकिंगहॅमशर आणि आणखी दोघींवर गुन्हा शाबीत झाला. प्रत्येकीला ५० पौंड दंड. खोडा नाही, फटके नाहीत. तरी त्याच महिन्यात गिलरेने केनियन स्वतः तिला गाडीमागे बांधून फोडून काढतोय असं दुसरं चित्र काढलं. कायद्याने जे केलं नाही, ते चित्राने केलं.

मला सलतो तो भेदभाव. राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स १७८१ मध्ये ब्रुक्स क्लबात उघडपणे फॅरोचा अड्डा चालवत होता. गिलरेने फॉक्सलाही सोडलं नाही, त्याची टर असंख्य चित्रांत उडवली. पण फॅरोसाठी खोड्याची धमकी आली ती बायका अड्डा चालवू लागल्यावर, आणि बाईला फटके बसताना पाहण्यात लोकांना मजा वाटते, हे चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं.

इंग्लंडमध्ये बायकांना चारचौघांत फटके मारणं बंद झालं १८१७ मध्ये. खोडा मात्र १८३७ पर्यंत कायद्यात राहिला.