श्वासनाल-संकोच, जन्मजात
श्वासनालाची पोकळी जन्मतःच अरुंद असण्याच्या विकृतीस ही संज्ञा आहे. प्राकृत श्वासनालातील कूर्चावलये मागील बाजूस खुली असतात. या विकारात ती बहुधा पूर्ण वर्तुळाकार असतात. त्रिज्या निम्मी झाल्यास संथ वायुप्रवाहाला होणारा रोध १६ पट होतो, म्हणून साधी सर्दीही अर्भकाच्या जिवावर बेतू शकते. घरघर व श्वासकष्ट ही लक्षणे दम्याची समजली जाण्याचा संभव असतो.

निश्चित निदानासाठी श्वासमार्ग आतून पाहणे आवश्यक असते. या तंत्राचा पाया गुस्टाफ किलिआन यांनी फ्रायबर्ग (जर्मनी) येथे १८९७ मध्ये घातला. हॅरल्ड हॉपकिन्झ यांच्या दंडभिंग-योजनेमुळे (१९५९) पुढे अर्भकांसाठी बारीक दर्शक तयार झाले. डाव्या फुप्फुस-रोहिणीची सहवर्ती विकृती संगणकीय छेदचित्रणाने कळते.

गळ्यावरील श्वासनालछेदन छिद्राखालील संकोचावर निरुपयोगी ठरते. आखूड संकोच कापून टोके जोडता येतात. लांब संकोचाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ बिकट राहिला. १९८९ मध्ये ब्रिटिश शल्यविशारदांनी सरक-पुनर्रचना वर्णिली. तीत संकोच मध्यावर आडवा छेदून, एक भाग पुढून व दुसरा मागून उभा चिरून, दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवतात. त्यामुळे लांबी घटते, पण परीघ सुमारे दुप्पट होतो. सौम्य संकोचात काळजीपूर्वक निरीक्षण पुरेसे ठरू शकते.