सिंधुदुर्गनगरी : शासननिर्णयातून वसलेल्या नगराचे स्वरूप

1 मे 1981 रोजी महाराष्ट्रात जालना व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकाच दिवशी अस्तित्वात आले. जालन्याला मुख्यालय शोधावे लागले नाही. व्यापारपेठ म्हणून ते शहर आधीच नावारूपाला आलेले होते. सिंधुदुर्गात मात्र आधी जिल्हा झाला आणि त्यासाठी नगर नंतर वसवावे लागले. कुडाळ तालुक्यातील ओरोस बुद्रुक व त्याला लागून असलेल्या रानबांबुळी, अणाव या गावांच्या परिसरात उभी राहिलेली सिंधुदुर्गनगरी ही ती वसाहत होय.

दक्षिण कोकणात शहरांची वाण होती असे नव्हे. मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे जुनी. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती, आणि 1812 मध्ये ही दोन्ही बंदरे इंग्रजांच्या ताब्यात गेली. सावंतवाडी ही संस्थानची राजधानी. आजच्या कुडाळ तालुक्याचा मोठा भाग याच संस्थानात मोडत असे व 1948 च्या विलीनीकरणानंतर तो रत्नागिरी जिल्ह्यात आला. रत्नागिरी हे 1822 पासून दक्षिण कोकणच्या कारभाराचे ठिकाण होते. सावंतवाडी-दोडामार्ग परिसरातील माणसाला तेथे जाण्यासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. एका तारखेसाठी किंवा एका दाखल्यासाठी दोन-दोन दिवस मोडत. जिल्हा विभाजनामागची लोकभावना समजून घेताना ही साधी गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

तरीही नव्या जिल्ह्याचे मुख्यालय या जुन्या शहरांपैकी एकातही स्थिरावले नाही. नकाशा पाहिल्यास त्याचे एक कारण सहज ध्यानात येते. मालवण व वेंगुर्ले पश्चिमेच्या टोकाला, सावंतवाडी दक्षिणेला, तर ओरोस जवळजवळ मध्यावर, कणकवली आणि कुडाळ यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. उत्तरेकडील कसाल येथून मालवणचा रस्ता फुटतो. प्रतिस्पर्धी शहरांपैकी एकाला मान दिल्यास इतर दुखावली जातील, हा विचारही निर्णयात असावा असे अनुमान करता येते. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण दळणवळणाच्या इतिहासात आहे. आगबोटीच्या काळात कोकणचा चेहरा समुद्राकडे होता. मुंबईला जाणारा माणूस बंदरावर जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाहतूक मागे पडून महामार्ग पुढे आला आणि वर्दळ किनाऱ्यावरून आत सरकली. कणकवली, कुडाळ वाढली ती या बदलामुळे. ओरोसची निवड ही त्याच बदलाची शासकीय नोंद होय.

या पार्श्वभूमीवर नगराचे नाव मात्र समुद्राकडेच बोट दाखवते. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. किल्ल्याचे नाव जिल्ह्याला मिळाले, जिल्ह्याचे नगरीला आणि कोकण रेल्वेच्या स्थानकालाही. परिणामी किल्ला पाहण्यास निघालेल्या परक्या प्रवाशाला सिंधुदुर्ग स्थानकावर उतरल्यावर ना किल्ला दिसतो, ना समुद्र! स्थानिक माणूस या घोटाळ्यात पडत नाही. त्याच्या लेखी कागदावर 'सिंधुदुर्गनगरी' असते आणि तोंडी 'ओरोस' किंवा 'ओरस'. अर्ज नगरीला करायचा, पण 'ओरसाक जातंय' म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

वसाहतीच्या रचनेतही हा दुहेरीपणा दिसून येतो. देशावरच्या गावात घरे गावठाणात एकमेकांना खेटून असतात. कोकणात गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्यांचा समूह. प्रत्येक घराभोवती आपले परसू, माड-पोफळी, विहीर, पुढे खळे आणि तुळस. वाड्यांना एकत्र बांधतात ती ग्रामदैवते, त्यांचे मानकरी आणि वार्षिक उत्सव. नगरीची आखणी याच्या नेमकी उलट आहे. राज्यात नवनगरे वसविणाऱ्या सिडकोच्या कामांत ओरोसचा समावेश झाला. नवनगर विकास प्राधिकरणही स्थापन झाले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, पोलीस मुख्यालय, जिल्हा रुग्णालय अशी संकुले आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आखीव रस्त्यांनी जोडली गेली. येथे शेजारी ठरतो तो भावकीने नव्हे, वेतनश्रेणीने.

निसर्गाने मात्र या आखणीत आपली दुरुस्ती केलेली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जांभ्या दगडाच्या भिंती व उतरते कौलारू छप्पर ही शतकांची गरज होती. सपाट स्लॅबची इमारत येथे गळू लागते, मग तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले जातात. कोकणभर दिसणारे हे दृश्य म्हणजे जुन्या घराने नव्यावर घेतलेला सौम्य सूडच म्हणावा लागेल.

वसाहतीचा खरा प्रश्न संध्याकाळी दिसतो. दिवसभर आठ तालुक्यांतील माणसांनी गजबजलेली नगरी कार्यालये सुटताच ओसरते. कर्मचाऱ्यांपैकी अनेकजण कुडाळ किंवा कणकवलीत घर करून राहतात, कारण बाजार, शाळा, शिकवण्या, दवाखाने तेथे आहेत. घाटमाथ्यावरून बदलून आलेला कर्मचारी पुढच्या बदलीची वाट पाहतो, तर जिल्ह्यातलाच असेल तो गणेशचतुर्थी आणि शिमग्याला आपल्या गावी जातो. सण ज्या ठिकाणी साजरा होतो ते घर, ही कोकणची व्याख्या लावली तर नगरीत घरे थोडी आणि बिऱ्हाडे फार! स्वयंभू बाजारपेठ न वाढण्याचे आणखी एक कारण लोकसंख्येत आहे. 2001 मध्ये 8,68,825 असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 8,49,651 झाली, म्हणजे सुमारे सव्वादोन टक्क्यांनी घटली. ज्या जिल्ह्यातून तरुण मुंबई व गोव्याकडे जातो, तेथे नव्या नगराला माणसे आणायची कोठून?

1998 मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने हे चित्र फारसे बदलले नाही. मुक्कामापेक्षा जाणे-येणेच तिने सोपे केले. महामार्गाच्या चौपदरीकरणाने कुडाळ-कणकवली आणखी जवळ आली. त्या मानाने 2021-22 मध्ये येथे सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वरूप वेगळे आहे. कार्यालय सायंकाळी बंद होते, रुग्णालय होत नाही. विद्यार्थी वसतिगृहात राहतो, रुग्णाचा नातेवाईक रात्री चहा शोधतो, परिचारिका पहाटे पाळीवर येते. शासनाच्या वेळापत्रकाबाहेर जागी राहणारी ही माणसे नगरीत चाळीस वर्षांनंतर आली आहेत.