खराडीचा सातबारा आणि बहिणीची सही

पुणे जिल्ह्यात जमिनीच्या कागदावरून झालेले भांडण जुने आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे काढून जाळली. जमीन कर्जापायी जात होती आणि कागद परक्याच्या पेटीत होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने थोडा आडोसा दिला. १ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कसणाऱ्या कुळालाच मालक मानले. त्यानंतर जमीन सुटू लागली ती कर्जामुळे नव्हे, चढ्या किमतीमुळे.

नगर रस्त्यावरचे, मुळा-मुठेच्या काठचे खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. मग नॉलेज पार्क, ईऑनचे विशेष आर्थिक क्षेत्र, वर्ल्ड ट्रेड सेंटर. एकराचा हिशेब गुंठ्यावर आणि गुंठ्याचा चौरस फुटांवर उतरला.

शेती होती तोवर लेक हिस्सा मागत नसे. त्या बदल्यात तिला माहेर मिळे: बाळंतपण, दिवाळीची साडी, अडीअडचणीला चार पायली ज्वारी. हा व्यवहार न्याय्य होता असे मी म्हणणार नाही. पण तो दोन्ही बाजूंना समजत होता. वडिलांच्या वाट्यातला हिस्सा कायद्याने तिला १९५६ पासूनच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदाही त्याच वर्षीचा. एका कायद्याने लेकीला वाटेकरी केले, दुसऱ्याने गावोगावच्या जमिनीला गिऱ्हाईक आणले.

खरी गंमत पुढेच. बहिणीचे मत रूढीने कधी विचारले नव्हते. ते बाजाराने विचारले. बिल्डरच्या वकिलाला निर्वेध सातबारा लागतो, म्हणून सासरी गेलेल्या प्रत्येकीची सही लागते. भांडवलशाहीने नाती तोडली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. मात्र सही मागितली गेली ती हक्क देण्यासाठी क्वचितच, बहुधा सोडवून घेण्यासाठी. जिने दिली तिचे माहेर राहिले. जिने वाटा मागितला तिची भाऊबीज दिवाणी न्यायालयात गेली. माहेर ज्या शेतावर उभे होते ते तर दोघींच्याही वाट्याला उरले नाही.

भावाच्या नावे विनामोबदला केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला कित्येक वर्षे २०० रुपयांचा मुद्रांक पुरत असे. दस्तात मोबदल्याच्या जागी ‘बंधुप्रेमापोटी, स्वखुशीने’ असे शब्द घातले जात.